सामान्य ज्ञान खाडीपासून सुरू करा

सामान्य ज्ञानाचा ठोकळा उघडला की बहुतेक जण पहिल्या पानापासून घोकायला बसतात. भूगोलापर्यंत पोहोचतात तोवर इतिहासाच्या सनावळ्या विस्कटलेल्या असतात, कारण एका सनाला दुसऱ्याचा आधारच नसतो. त्यापेक्षा ओळखीची एकच गोष्ट धरा आणि तिच्यातून जाणारे सगळे विषय ओढून काढा. ठाणे-नवी मुंबईकरांना ती गोष्ट लोकलच्या खिडकीतून रोज दिसते: खाडी.

भरतीपासून सुरुवात करा. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते १२ च्या आसपास. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊण तास हे त्याचंच सोपं माप. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण, म्हणजे मोठी भरती. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, म्हणून भांग, म्हणजे लहान भरती. आठवडाभर पंचांग आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी ठेवून पडताळा. खगोल, भूगोल आणि गणित असे तीन विषय एकदम पक्के होतात.

ओहोटीला तिवरांच्या, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडांच्या, बुंध्याभोवती चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली दिसतात. त्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून मुळं हवेसाठी वर येतात. इथेच लिहून ठेवा: महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष पांढरी चिप्पी, २०२०. तिवर नव्हे; गोंधळ हमखास इथेच होतो.

इतिहास थोडक्यात. १७७४ मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी (ठाणे ज्यावर आहे ते बेट) त्यांच्याकडेच राहिली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून रेल्वे ठाण्याला आली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून कल्याणला गेली.

सगळ्यात जास्त गुण जातात ते जवळजवळच्या नोंदींत. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं. ते राज्य सरकार वन्यजीव कायद्याखाली जाहीर करतं. खाडीचा रामसर दर्जा २०२२ चा. ती महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी. रामसर करारावर सह्या १९७१ मध्ये झाल्या, तो अमलात आला १९७५ मध्ये, भारत सामील झाला १९८२ मध्ये. तिन्ही सनं एका ओळीत, पुढे क्रियापदासकट लिहा. नुसता आकडा लिहिला की परीक्षेत तो कशाचा हेच आठवत नाही.

वहीत डावं पान न बदलणाऱ्या गोष्टींचं, उजवं बदलणाऱ्यांचं. देशात रामसर स्थळं किती, पदावर कोण, हे उजवीकडे पेन्सिलीने, शेजारी तारीख टाकून. चालू घडामोडींचं मासिक अख्खं वाचू नका. उजव्या पानावरचं काय बदललं तेवढंच शोधा.

उत्तर माहीत नसेल तेव्हाही हे जोडकाम कामाला येतं. ४ पर्याय आणि चुकीला पाव गुण वजा असेल, तर १६ प्रश्न डोळे मिटून सोडवल्यास सरासरी ४ बरोबर, १२ चूक, हाती १ गुण. तेच प्रत्येकी दोन पर्याय खात्रीने कापता आले तर ८ बरोबर, ८ चूक, हाती ६.