आमची वाटचाल : लग्नाच्या शूटिंगपासून सभेच्या लाइव्हपर्यंत

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या छोट्या गाळ्यात २०११ साली दुकान थाटलं ते लग्नांच्या शूटिंगवर. निवडणुकीच्या सभेचं काम म्हणजे तेव्हा एक कॅमेरा, एक डीव्हीडी आणि निकालापर्यंत उधारी.

२०१६ मध्ये फेसबुक लाइव्ह सगळ्यांना खुलं झालं, त्याच वर्षी जिओ आलं आणि गिऱ्हाईक म्हणू लागलं, "लाइव्ह पायजे." कोरेगाव तालुक्यातल्या पहिल्याच मोठ्या सभेला आम्ही एका सिमवर भरवसा ठेवला. खुर्च्या रिकाम्या होत्या तोवर चित्र झकास. नेते उठले, मैदानभर मोबाइल वर झाले आणि टॉवरवर ताण येऊन आमचं लाइव्ह जागच्या जागी गोठलं. उमेदवाराचे बंधू स्टेजमागं येऊन जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. तेव्हापासून शेजारच्या दुकानातून ब्रॉडबँडची वायर ओढतो, नाहीतर वेगवेगळ्या कंपन्यांची सिम एकत्र चालवणारं यंत्र भाड्यानं आणतो. आवाज थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. चित्र फाटलं तरी माणूस थांबतो, आवाज गेला की अंगठा पुढं सरकतो.

१८ ऑक्टोबर २०१९. विधानसभेसोबत साताऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक. पावसामुळं आम्ही दुसरीकडच्या एका कोपरा सभेतले कॅमेरे प्लास्टिकात गुंडाळत होतो, आणि इकडं जिल्हा परिषदेच्या मैदानावर शरद पवार भिजत बोलत राहिले. घरी पोचायच्या आत ते दृश्य माझ्याकडं तीन ग्रुपांतून आलं. मतदान २१ ला, म्हणजे प्रचाराला जेमतेम एक दिवस उरलेला. अख्खं भाषण किती जणांनी ऐकलं कुणास ठाऊक, तो तुकडा मात्र पानटपरीवरसुद्धा चालू होता. मी कॅमेऱ्यांना पावसाळी कव्हरं घेतली (दिवाळीच्या तोंडावर! बायको अजून हसते) आणि एक पोरगा फक्त तुकडे कापायला बसवला. सभा चालू असतानाच तीस सेकंदांची क्लिप व्हॉट्सॲपवर गेली पाहिजे. लाइव्हला बसलेले निम्मे आपलेच कार्यकर्ते असतात, आणि एखादा विरोधकांचा, रेकॉर्ड करणारा.

बिल पक्कंच देतो, कारण ते उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरतात. निवडणूक विभागाचं शूटिंग घेतलं की त्या निवडणुकीत उमेदवाराचं काम घेत नाही. निम्मे पैसे आधी. हरलेल्याच्या दारात वसुलीला जाणं फार अवघड असतं. २०१९ चं एक बिल अजून येणं आहे. परवा त्याच साहेबांचा फोन आला, "औंदा उभं राहतोय. लाइव्हचं काय घेता?"