काचेतले ऊन

भंडारा जिल्ह्यातल्या ज्या गावी मी पशुधन विकास अधिकारी आहे, तिथल्या दवाखान्याच्या नोंदवहीत गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्यापलीकडे फारसे काही लिहावे लागत नाही. त्यामुळे जानेवारीतल्या एका थंड सकाळी एक आजी आणि तिचा बारा-तेरा वर्षांचा नातू लसीकरणाच्या शेळ्यांच्या रांगेत घमेले घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यात कोंबडीची पिल्ले असावीत असेच मला वाटले. मुलाने वरचे ओले फडके काढले. आत एक कासव होते.

"आठ दिस झाले जी साहेब, काईच खात नाई," आजी म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी धानाच्या कापणीच्या वेळी बांधीत कुत्र्यांनी घेरलेले हे कासव या मुलाने सोडवून घरी आणले होते. त्याच्या मामाने काचपेटी आणून दिली आणि तेव्हापासून ते घरचेच होऊन गेले. पाठीवर टणक खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडी, लांब मान, टोकदार नाक, आणि मागचे पाय आत ओढले की त्यांवर दारासारखे मिटणारे कातडीचे दोन पडदे. आपल्या बोड्यांत, म्हणजे शेतांतल्या लहान तळ्यांत, आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांत आढळणारे हे गोड्या पाण्यातले कासव. एरवी ते हात लावू देत नाही, मान लांबवून कडकडून चावते. हे मात्र हातात घेतले तरी मान बाहेर काढीना. दोन्ही पापण्या वाटाण्याएवढ्या सुजून घट्ट मिटल्या होत्या आणि नाकपुडीशी एक बारीक बुडबुडा फुटत होता. वजन भरले ५४० ग्रॅम.

त्याला काय खाऊ घालता, असे विचारल्यावर मुलाने मन लावून सांगितले: भात, भिजवलेले पोहे, ग्लुकोजची बिस्किटे आणि रविवारी मटणाचा तुकडा. गेले आठ दिवस ते खात नाही म्हणून दोघे मिळून त्याचे तोंड उघडून बोटाने पोहे आत सारत होते. काचपेटी खिडकीशी होती. "ऊन रोज पडते जी त्याच्यावर," हे आजीने दोनदा सांगितले. खिडकीला काच होती, पेटीलाही काच होती, आणि ज्या अतिनील किरणांच्या बळावर कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण काच अडवते. दोन वर्षे त्याला उजेड भरपूर मिळाला, पण ऊन असे मिळालेच नाही. भात-बिस्किटांत त्याला लागणारे अ जीवनसत्त्व नसते, आणि नुसत्या मटणात स्फुरद (फॉस्फरस) पुष्कळ असले तरी चुना (कॅल्शियम) जवळजवळ नसतो. पापण्या सुजल्या त्या अ जीवनसत्त्वाच्या अभावाने, आणि कासव अन्न शोधते ते मुख्यतः डोळ्यांनी. ते रुसले नव्हते, त्याला समोरचे दिसतच नव्हते.

इतक्यात आमच्या परिचराने सवयीने आयव्हरमेक्टिनची बाटली पुढे केली. जनावर खात नाही म्हटले की जंत, हे आमच्या दवाखान्याचे रोजचे गणित आहे, आणि शेळ्यांना ते औषध लागूही पडते. कासवाला मात्र ते विषासारखे आहे. त्याने अंग लुळे पडते आणि जीव जातो. हे मला माहीत होते ते केवळ एका जुन्या व्याख्यानामुळे, कारण माझ्या नोकरीतले हे पहिलेच कासव होते. मी बाटली बाजूला ठेवली आणि नागपूरला सेमिनरी हिल्सच्या वन्यजीव उपचार केंद्रात फोन लावला.

त्यानंतरचा अर्धा तास मला सर्वांत जड गेला. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला आहे, तो घरी पाळता येत नाही, आणि मला वनविभागाला कळवणे भाग आहे, हे मी आजीला सांगितले. तिचा चेहरा उतरला. "आमी कुत्र्याच्या तोंडातून वाचवलं, अन् आमच्यावरच केस?" तिचा राग खोटा नव्हता. दुपारी वनरक्षक आणि क्षेत्र सहाय्यक आले. कासव स्वतःहून आणून दिल्याची नोंद त्यांनी पंचनाम्यात केली, आणि ते नागपूरचा प्रवास सोसण्याइतके सावरेपर्यंत आमच्याच दवाखान्यात ठेवण्याचे लेखी पत्र दिले. पंचनामा वाचून दाखवला तेव्हा कुठे आजी खुर्चीला टेकली.

पहिले तीन दिवस आम्ही त्याला अन्नाचा कणही दिला नाही, आणि हेच मुलाला पटवणे कठीण गेले. कासवाचे रक्त भोवतालच्या हवेबरोबर थंड होते. आमच्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि गारठलेल्या कासवाच्या पोटात गेलेले अन्न पचत नाही, सडते. बोटाने भरवलेले पोहे त्याला मारतच होते. टबावर ६० वॅटचा पिवळा बल्ब टांगून आम्ही ऊब २८ अंशांवर आणली आणि दिवसातून दोनदा त्याला हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवले. सलाइनने डोळे पुसून मलम लावायचे, मलम मुरेपर्यंत कोरडे ठेवायचे आणि मग पुन्हा पाण्यात सोडायचे, असा क्रम होता. अ जीवनसत्त्वाची मात्रा नागपूरच्या डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिली, कारण ती जास्त झाली तर कातडी सोलून निघते. प्रतिजैविकाची सुई पुढच्या पायातच द्यायची, असेही त्यांनी बजावले, कारण मागच्या अंगातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकते. दुपारी एक तास त्याला अंगणात, अर्ध्या सावलीत, काचेविना ऊन.

नवव्या दिवशी उजवी पापणी किंचित उघडली आणि तिच्याखाली पिवळसर बुबुळ दिसले. अकराव्या दिवशी मुलाने तलावावरून आणलेले जिवंत झिंगे आम्ही पाण्यात सोडले. पाण्यातच, कारण या कासवाला घास गिळायला पाणी लागते. कोरड्यावर ठेवलेला तुकडा ते तोंडात घेऊन तसाच टाकून देते. बराच वेळ काही झाले नाही. मग मान हळूहळू बाहेर आली, एक डोळा झिंग्याच्या मागे फिरला, आणि पाण्यात झटका बसला. मुलगा ओरडला नाही; त्याने फक्त माझी बाही धरली.

पुढे आहार बसला तो असा: काट्यासकट बारीक मासे, झिंगे, कवचासकट गोगलगाई, आठवड्यातून एकदा कलेजीचा लहानसा तुकडा, पाण्यातल्या वनस्पती, आणि चुन्यासाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेले समुद्रफेस किसून. उन्हाळी धानाच्या फवारलेल्या बांधीतल्या गोगलगाई आणायच्या नाहीत, एवढी एकच सक्त ताकीद मी मुलाला दिली होती. शाळा सुटली की तो दर एक दिवसाआड येई आणि वजन स्वतः वहीत मांडे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात वजन ६९० ग्रॅम झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो आणि नोंदी पाहिल्या, आता प्रवासाची गरज उरली नसल्याचे सांगितले, आणि वनविभागाने जवळच्याच मामा तलावात सोडण्याचे ठरवले. शेवटचे दहा दिवस आम्ही टबाला पोत्याचा आडोसा केला आणि मागून झिंगे सोडले, कारण माणसाच्या हाताकडे धावणारे कासव तलावावर पहिल्याच गळाला लागेल. मुलाला हे जिवावर आले, तरी त्याने पाळले.

सोडायच्या सकाळी आजीही आली होती. वनरक्षकाने घमेले काठाच्या चिखलात तिरपे केले. कासव क्षणभर थांबले, गवताच्या मुळाशी शिरले आणि गढूळ पाण्याखाली दिसेनासे झाले. मुलाच्या हातात झिंग्यांची पिशवी होती. तो माझ्याकडे पाहत राहिला, मी मान हलवली, आणि ती पिशवी त्याने तशीच परत घरी नेली.