कोरी छपाई (भिंतीचं प्लास्टर) की लायनिंग पेपर: नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांचं काम कुठवर आलं

दिवाळी उरकल्यावरच रंगाला हात घातला. आपल्याकडे सगळ्यांची धावपळ दसऱ्याआधीची, पण पावसाळ्यात प्यायलेलं पाणी भिंत इतक्या लवकर सोडत नाही. त्यात आमचं घर जुनं, विटा-चुन्याचं. म्हणून आधी प्लास्टिकचे हातभर तुकडे चारी कडांनी टेप लावून भिंतींवर दिवसभर ठेवले. आतून दव धरलं तर थांबायचं. बैठकीची भिंत कोरडी निघाली. आतल्या खोलीची, कूलरच्या खिडकीखालची, नाही निघाली.

छपाई घासून, पुट्टी मारून थेट रंग द्यावा की आधी लायनिंग पेपर चढवावा, हे या चाचणीनेच अर्धंअधिक ठरवलं. रंगाखाली कोरा कागद लावायची रीत इंग्लंडमध्ये जुनी आहे. 800 पासून 2000 पर्यंत ग्रेड मिळतात, आकडा वाढेल तसा कागद जाड. रोलची रुंदी साधारण 56 सेंमी. बारीक चिरा, बुजवलेली खिळ्यांची भोकं, खरबरीतपणा, सगळं त्याखाली झाकलं जातं. बैठकीसाठी 1400 घेतला. हलका कागद खळीने भिजला की हातात फाटतो, आणि 2000 कोपऱ्यात वळवताना फार अडतो.

कागद लावला की भिंतीच्या तयारीचे कष्ट वाचतात, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बैठकीत डिस्टेंपरचे थरावर थर होते. ओला स्पंज फिरवला की हात पांढरा. अशा भिंतीवर कागद डिस्टेंपरला चिकटतो, भिंतीला नाही. वाळताना आकसतो आणि तो थर घेऊनच सुटतो. पाणी मारत, पत्र्याने खरवडत पार छपाईपर्यंत गेलो. मग बोटाने ठोकत भिंतभर फिरलो. जिथे बद्द वाजलं तिथली छपाई सुटलेली. ती काढून चुना आणि बारीक चाळलेल्या रेतीच्या मालाने भरली. सिमेंट मुद्दाम टाळलं. मऊ चुन्याच्या छपाईत सिमेंटचं कडक ठिगळ कडेने सुटतं. भरलेलं पूर्ण वाळल्यावर पातळ खळीचा एक हात दिला, नाहीतर कोरडी छपाई कागदाखालची खळ झटकन पिऊन टाकते.

खळ लावलेला कागद पाचदहा मिनिटं घडी करून तसाच ठेवायचा. पाण्याने तो फुगतो, आणि ते फुगणं भिंतीवर जायच्या आधी व्हायला हवं. कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या भिडवायच्या. पंखा बंद! वाऱ्याने कागद भराभर वाळला की आकसून सांध्यात फट पडते. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत हे काम नागपुरात करूच नये.

आता आतली खोली. आमच्या ओळखीचे पेंटरकाका कागद पाहून म्हणाले, "भाऊ, बैठकीत लावा, पण तिकडे कूलर सुरू झाला का हा फुगते, पहा." अगदी खरं आहे. कूलरची ओल, कागद आणि खळ एकत्र आली की बुरशी आणि कसर दोघांची सोय होते. शिवाय खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरकी भेग दर उन्हाळ्यात उघडते, कारण खालची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. अशी हलती भेग कागद फाडूनच वर येते. इथे छपाई उघडीच ठेवणार. भेग खरवडून, तागाचे बारीक तुकडे मिसळलेल्या चुन्याने भरायची. वर पुट्टी नाही, इमल्शनही नाही. भिंत जरा ओली करून दुधाइतक्या पातळ चुन्याचे चार हात. ओल बाहेर पडायला वाट राहते, आणि भेग पुन्हा उघडली तरी तेवढीच जागा भरून भागतं.

बैठकीत पाणी घालून पातळ केलेल्या इमल्शनचा पहिला हात झालाय. देताना कागदावर बारीक फुगे आले, त्यांना टाचणी लावली नाही. वाळल्यावर ते आपोआप बसले. रात्री टॉर्च भिंतीला टेकवून तिरका उजेड टाकला तेव्हा दाराजवळचा एकच सांधा किंचित उठलेला दिसला. तो बारीक पॉलिश पेपरने हलकाच घासेन. दुसरा हातही मॅटचाच, कारण चमकदार इमल्शनवर दुपारचं ऊन आलं की सगळे सांधे उठून दिसतात.