आमची वाटचाल : आईच्या वाटीपासून

मालवणजवळच्या आचऱ्याच्या आमच्या घरी पाककृतींचं एकच पुस्तक होतं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. १९७० साली निघालेल्या या पुस्तकात मापं वाटी-चमच्यांत होती, म्हणून आईला ते आपलं वाटलं. तपकिरी कागदाचं कव्हर, पानांवर हळदीची बोटं आणि समासात आईची पेन्सिल: 'आपली वाटी लहान', 'खोबरं थोडं जास्त'. मी चुलीजवळ पाटावर बसून मोठ्याने वाचायचे, आई करायची. शाळेच्या धड्यांआधी मला ती पानं पाठ झाली.

आजीला पुस्तक लागायचं नाही. कुळथाची पिठी तिनेच शिकवली. मी १० वर्षांची असेन. लसणीच्या फोडणीत पाणी ओतलं, उकळी आल्यावर कोरडं पीठ टाकलं आणि टोपभर गुठळ्या झाल्या. "गो बाय, घाई कित्याक?" म्हणत तिने दुसरं पीठ गार पाण्यात सरसरीत कालवलं, बारीक धारेने सोडलं, ढवळत राहिली. वर दोन आमसुलं. माझी गुठळ्यांची पिठीही त्या दिवशी सगळ्यांनी भातावर घेतली.

२०१२ च्या मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांनी मालवणी मसाला मागितला, तिथून धंदा सुरू झाला. पहिले ५ किलो हातोहात गेले. पुढच्या वर्षी २५ किलो करायला घेतला आणि मी चुकले. आईच्या वहीत जिन्नस वाटीने लिहिलेले. मी सरसकट वाटीला १०० ग्रॅम धरले. दगडफूल वाटीभर घेतलं तरी वजनाला काहीच भरत नाही. काट्यावर मोजून घातलं ते कितीतरी पट झालं आणि मसाला काळपट, कडवट उतरला. बेडगी, संकेश्वरी मिरची, इतक्या दिवसांचं ऊन, डंकावरची कुटाई, सगळं फुकट. एकही पाकीट विकलं नाही. त्या रात्री मला रडू आवरलं नाही.

सकाळी आईने तीच वाटी पुढे ठेवली, मी काटा. धणे, बडीशेप, खसखस, दगडफूल, नागकेशर. एकेक जिन्नस वाटीत भरायचा, तोलायचा, वहीत ग्रॅम लिहायचे. पुढे फूड लायसन्स काढल्यावर ही वही फार कामी आली, कारण पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात.

आज आम्ही ५ जणी आहोत. मसाल्याच्याच दिवसांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात. त्यांची आमसुलं करतो. साली वाळवायच्या, मीठ घातलेल्या रसाची पुटं द्यायची, पुन्हा उन्हात. पावसाआधी उरकलं नाही तर बुरशी आलीच.

कुळथाच्या पिठाच्या पाकिटात पिठीची कृती लिहिलेली चिठ्ठी असते. गेल्या वर्षी एका आईने कळवलं, आठवीतल्या मुलाने ती वाचून एकट्याने पिठी केली, पण पातळ झाली. तुमची वाटी केवढी? तेव्हापासून चिठ्ठीत खाली एक ओळ वाढवली आहे: आमच्या वाटीत १५० मिलिलिटर पाणी मावतं.