कळमन्याच्या यार्डात कापलं गेलेलं शून्य

मार्चमधली दुपार. मृग बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजारात उतरत होता. काटोलकडच्या बागायतदारांच्या एका गटासाठी मी साइट तयार केली होती, आणि ती सुरू करण्याआधी वाचणाऱ्यांना दाखवावी म्हणून यार्डात गेले होते. धरमपेठेतल्या ऑफिसात, मोठ्या स्क्रीनवर ती सुरेख दिसायची. वर बागेचा भलामोठा फोटो, खाली हलक्या राखाडी रंगातला मजकूर, अक्षरांमध्ये मोकळी जागा.

माल विकून झालेले एक काकाजी ट्रॅक्टरच्या सावलीत बसले होते. मी माझा फोन पुढे केला, तर म्हणाले, "तुमचा नको ताई, माह्याच फोनवर दाखवा."

त्यांच्या फोनची काच तडकलेली आणि अक्षरं सेटिंगमधून मोठ्यात मोठी केलेली. वरचा फोटोच जवळपास ३ एमबीचा होता, तो उतरेपर्यंत त्यांनी तंबाखू मळून घेतली. मजकूर आला तेव्हा त्यांनी हाताची ओंजळ स्क्रीनवर धरली. "हे एवढं पुसट काऊन केलं? उनात दिसूनच नाही राहिलं. आन् अक्षरं अशी फाटल्यासारखी काऊन?"

फाटलेलीच होती. अक्षरांतलं अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा जागोजागी तुटते. रोमन लिपीला शोभणारी ही सजावट मी विचार न करता मराठीवर चढवली होती. राखाडी रंगाचं तर मोजमापच असतं: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किमान ४.५ ला १ हवा. माझा ३ ला १ सुद्धा भरत नव्हता.

मग त्यांनी डिंक्या रोगाचं, म्हणजे झाडाच्या खोडातून डिंक गळतो त्या रोगाचं, पान उघडलं आणि तक्त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. "बोर्डो मिश्रण, फवारनीसाठी. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पानी १०..." थांबले. पुन्हा वाचलं. "ताई, दहाच लिटर? एवढं घट्ट तं पंपातून निघन बी नाही. आन् निघालं तं पाला जळून जाईन ना!"

मी फोन जवळजवळ ओढूनच घेतला. फवारणीच्या १ टक्का मिश्रणाला पाणी १०० लिटर लागतं, आणि मी तसंच लिहिलं होतं. पण मोठ्या अक्षरांमुळे तक्ता रुंदावला आणि शेवटचं शून्य कडेबाहेर गेलं. पान आडवं सरकू नये म्हणून बाहेर जाणारा भाग लपवायची ओळ कोडमध्ये मीच टाकली होती. खालच्याच ओळीत खोडाला लावायचं बोर्डो मलम होतं, त्याला खरोखरच १० लिटर. दोन्ही ओळींत आकडा सारखाच दिसत होता.

काकाजींना पस्तीस वर्षांचा अनुभव, म्हणून ते अडले. पण वडिलांची बाग नुकतीच हाती घेतलेला एखादा पोरगा? तो आकड्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला असता. त्या विचाराने माझे हातपाय गार पडले.

तिथेच, पोत्यावर बसून, लॅपटॉपवरून ते पान मी आधी साइटवरून काढून टाकलं. रात्री जागून तक्ता मोडला. फवारणी आणि मलम वेगवेगळ्या चौकटींत, एकाखाली एक. प्रत्येक आकड्यापुढे एकक, आणि पाण्याचं प्रमाण अक्षरांतही: शंभर लिटर. मजकूर काळा केला, अक्षरांमधलं अंतर काढलं. दोन ओळींतलं अंतर मात्र चांगलंच वाढवलं, कारण आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. फोटो १०० केबीच्या आत आणला.

चार दिवसांनी काकाजी पुन्हा यार्डात भेटले. मी काही न बोलता त्यांच्याच फोनवर पान उघडून दिलं. या वेळी त्यांनी ओंजळ धरली नाही. आकडे वाचून झाल्यावर शेजारच्या हमालाला म्हणाले, "पाय रे, शंभर लिटर लिवलं हाय." मग माझ्याकडे वळले. "आता चुना कोनता घ्याचा, थे बी लिवा. कळीचा पायजे. पोट्टे घर रंगवाचा जुना चुना टाकते."

तेही त्याच चौकटीत लिहिलं.