तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी उंच केलेली नाही

नाही, गाडी उंच केलेली नाही. चाकं काढलेला फोटो मी स्टेटसला ठेवला आणि तेव्हापासून लग्नात, दहाव्याला, बाजार समितीच्या फाटकावर, जिथे भेटेल तिथे लोक वाकून गाडीखाली बघतात आणि विचारतात, "किती इंच उचलली?" एकही इंच नाही. ज्यांच्याकडे स्वतःची इलेक्ट्रिक गाडी आहे ते हळू आवाजात विचारतात, "बॅटरीची वॉरंटी गेली का हो?" आणि ज्यांना मी इलेक्ट्रिक घेतलेलीच आवडली नव्हती ते विचारतही नाहीत, नुसते हसतात. "काब्र रे, नवी गाडी बिघडनी का?" गाडी बिघडलेली नव्हती. सगळ्यांना तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन थकलोय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

बदललं ते एवढंच : चारही शॉकअप, पुढच्या स्ट्रटचे (म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडीचे) वरचे माउंटिंग आणि दोन लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनचे जोडदांडे. स्प्रिंगा कंपनीच्याच आहेत. टायरही तेच.

माझी गाडी तिच्या पेट्रोलच्या भावंडापेक्षा दीडशे किलोहून थोडी अधिक जड आहे, कारण पोटाखाली बॅटरी आहे. तेवढं वजन पेलायला स्प्रिंग कडक लागते, आणि गाडी माणसांनी भरल्यावरही बॅटरीचं खोकं जमिनीपासून सुरक्षित उंचीवर राहावं लागतं. त्यामुळे आमच्या गाड्या कडक असतात, यात मला तक्रारीसारखं काही वाटत नाही. पण स्प्रिंगचं काम वजन उचलायचं आणि शॉकअपचं काम उसळी जिरवायचं. आपल्याकडे दोन्हीला मिळून 'सस्पेन्शन' म्हणतात आणि दोष नेहमी स्प्रिंगला देतात. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तसाच ठेवला, तर गाडी दणके कमी खाईल असं वाटतं. प्रत्यक्षात ती जास्त नाचते, कारण कडक स्प्रिंगला आवरायला शॉकअपही तेवढाच जोरकस लागतो.

आणि रस्ते आपले. खड्ड्यांवर सगळे बोलतात, मला खड्ड्यांचं फार वाटत नाही, खड्डा दिसतो. आपल्या तापी, पांझरा, बोरी खोऱ्यातली माती काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, वैशाखात आकसून तिला बोट जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. कडेची माती आधी भिजते आणि आधी सुकते, म्हणून कडा खचतात आणि मधला भाग तसाच राहतो. वरून बघावं तर रस्ता गुळगुळीत, खड्डा एक नाही. चालवावं तर लाटा. डाव्या चाकाची लाट वेगळी, उजव्याची वेगळी.

मी एका पट्ट्यातल्या लाटा पावलांनी मोजल्या आहेत. (हो, भर दुपारी, रस्त्यावर. एका ट्रॅक्टरवाल्यानं काय हरवलं म्हणून विचारलंही.) एका लाटेपासून दुसरी साधारण बारा मीटर. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या थोडी पुढे जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ लाटा. आता घरी या, माझ्या गाडीचं मागचं टोक दाबून सोडा आणि मोबाइलवर संथ गतीत चित्रण करून बघा : तिची स्वतःची उसळीही जवळपास तेवढीच, सेकंदाला दीडच्या आतबाहेर. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याला नेमक्या वेळी कुणी हात लावत गेलं की तो कसा वाढत जातो, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. साठच्या वेगात तो रस्ता माझ्या गाडीला तसा हात लावत होता. तो झोका मारायचं काम शॉकअपचं, आणि माझे शॉकअप ते करत नव्हते.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते असं.

मायच्या पाठीचा मणका चेपला होता. ओट्यावरून उतरताना बसली, एवढंच निमित्त. हाडं आधीच ठिसूळ. नाशिकला दाखवलं, काही दिवस ठेवलं, मग पट्टा बांधून घरी न्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली. बसून नेता येईल, फक्त दणके टाळा, म्हणाले. मला त्यात काळजीचं काही दिसलं नाही. उलट आनंदच झाला. आवाज नाही, थरथर नाही, गिअरचे झटके नाहीत, अशी गाडी मी घेतली होती आणि अजून तिचं कौतुक करायला घरातला योग्य माणूस मिळाला नव्हता. मागच्या सीटवर दोन गाद्या घातल्या, उशा लावल्या. मालेगावला चार्जिंगसाठी थांबलो तर मायनं चहा प्यायला, लळिंगचा किल्ला दिसल्यावर म्हणाली, "आवनं धुळं." चौपदरी रस्त्यावर गाडी खरोखर तरंगत होती. मी आरशातून बघत होतो आणि मनातल्या मनात गावातल्या एकेकाला उत्तरं देत होतो.

धुळं सोडून अमळनेरच्या रस्त्याला लागलो आणि नवलनगरच्या अलीकडे तिचा चेहरा बदलला. ती ओरडली नाही. तिनं वरचा दांडा धरला, मग दोन्ही हातांनी धरला. मी वेग पन्नासवर आणला. प्रत्येक लाटेला गाडीचं मागचं टोक वर जायचं, खाली बसायचं, आणि परत एकदा वर जायचं. ते दुसऱ्यांदा वर जाणं मी तोवर कधी ध्यानातच घेतलं नव्हतं, मी पुढे बसतो. तिच्या मणक्याला ते प्रत्येक वेळी लागत होतं. आणि गाडी इतकी शांत, की तिचा श्वास कसा अडखळतोय ते मला स्टिअरिंगवर ऐकू येत होतं. डिझेल गाडीत ऐकू आलं नसतं.

मग ती म्हणाली, "भाऊ, माले आठेच उतारी दे."

मला वाटलं लघवीला थांबायचंय. तिला गाडीत परत बसायचंच नव्हतं. निंबाखाली एका टपरीच्या बाकावर बसली, पट्टा घट्ट धरून. मी समजूत काढली, म्हटलं माय, तीसनं नेतो, वीसनं नेतो. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुनी गाडी हालस नही, फेकस." राग नव्हता, तक्रारही नव्हती. डॉक्टरला कुठं दुखतं ते सांगावं तसं सांगितलं.

शेवटी मावसभावाला फोन केला. तो अमळनेरहून त्याची जुनी डिझेल गाडी घेऊन आला. सीट फाटलेली, दार आतून उघडत नाही, स्प्रिंगा इतक्या बसलेल्या की माणूस बसला की गाडी एका अंगाला कलते. माय तिच्यात मागे बसली आणि तो निघाला. मी मागून, एकटा, गाद्या आणि उशांसकट. घरी पोहोचलो तेव्हा ती सांगत होती की वाटेत डोळा लागला. "त्यानी गाडी बरी व्हती." घरात पाहुणे होते, सगळ्यांनी ऐकलं. मावसभाऊ भला माणूस, तो काहीच बोलला नाही. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

तर का बदललं, याचं खरं उत्तर हे आहे. त्यात मायची पाठ किती आणि माझं नाक किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. मणका तर काही महिन्यांत भरून आला. शॉकअप त्यानंतर बसले. म्हणजे ज्या पाठीसाठी खर्च केला म्हणतो, तिला त्याची गरज उरली नव्हती. बायकोनं हे एकदाच बोलून दाखवलं आणि ते पुरेसं होतं.

मध्ये एक उद्योग झाला. एका ॲक्सेसरीच्या दुकानात स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालायचे रबरी बफर मिळतात, ते मागे घातले. दुकानदार म्हणाला, गाडी बसणार नाही आणि दणका लागणार नाही. पहिलं खरं होतं. बफरनं स्प्रिंगची दोन वेटोळी कामातून जातात आणि उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते, म्हणजे आमचं दुखणं होतं तेच वाढलं. काढून टाकले. तुमच्या गाडीत सतत चार पोती माल मागे असेल तर त्यांचा उपयोग असेलही.

मग धुळ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, ज्यांचा जन्म ट्रकच्या पाट्यांखाली गेलाय. बॉनेट उघडल्यावर त्यांनी हात मागे घेतला. "करंट लागस का यामा?" मी नारिंगी केबली दाखवल्या, म्हटलं यांच्याजवळ आपलं कामच नाही. गाडी बंद केली, बारा व्होल्टची बॅटरी सोडवली, आणि एकच अट घातली की जॅक बॅटरीच्या खोक्याखाली लावायचा नाही, कंपनीनं दिलेल्या जागीच. त्यांनी चारही कोपरे हातानं दाबले आणि मला जे मोबाइल लावून कळलं ते त्यांना तळहाताला कळलं. म्हणाले, खाली जाताना ठीक आहे, वर येताना धरत नाही.

म्हणून गॅस भरलेले शॉकअप आणले आणि पुण्याला एका कारागिराकडून त्यांच्या आतले व्हॉल्व्ह बदलून घेतले : दबताना जवळपास पूर्वीसारखेच मऊ, उलगडताना बरेच घट्ट. गॅस म्हणजे नायट्रोजन. त्याचा दाब असला की एकामागून एक लाटांवर आतल्या तेलाला सहजी फेस येत नाही, आणि फेस आला की शॉकअपचा जोर ओसरतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा तेल आधीच पातळ झालेलं असतं. सगळं मिळून अलाइनमेंटसह साठ हजारांच्या घरात गेले. हा आकडा ऐकून तुम्ही जो चेहरा करता तो मला पाठ आहे.

कायद्याचं विचारता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते कडकपणे वाचलं. नोंदणी पुस्तकात शॉकअपचा रकाना नाही, स्प्रिंगा आणि उंची मूळचीच आहे, म्हणून मी स्वतःला सुरक्षित समजतो. हा वकिली युक्तिवाद आहे, मला माहीत आहे. विमा कंपनीला लेखी कळवलंय. वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरच्या माणसानं सस्पेन्शनची गेली असं सांगितलं, बॅटरीचं विचारलं तर "तसं काही होऊ नये" म्हणाला. ते "होऊ नये" घेऊन मी फिरतोय.

फरक पडला का? तो दुसरा झोका गेला. लाटेवरून गाडी एकदाच वर येते आणि बसते. गावागावातले गतिरोधक मात्र तसेच लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी पंचवीसनं ओलांडायचा. आमच्याकडचे पाइप पुरून वर डांबर ओतल्यासारखे आहेत, त्यावर कुठल्याच शॉकअपचा इलाज नाही. आणखी एक फुकटातली गोष्ट सांगतो : ब्रेकसारखी लागणारी रिजन (पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते आणि बॅटरी भरते ती सोय) सर्वांत खालच्या पायरीवर ठेवा. गतिरोधकाच्या तोंडावर पाय उचलला की रिजनमुळे गाडी नाक खाली घालते आणि पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असताना दणका घेते. हे मला साठ हजारांच्या आधी कळलं असतं तर कदाचित तेवढ्यावर भागलंही असतं. कदाचित.

कारण ज्या माणसानं ती गाडी घेतली, म्हणजे चार वर्षांपूर्वीचा मी, तो अजून माझ्याशी भांडतो. तो ओट्याओट्यावर सांगायचा की इलेक्ट्रिक गाडीत बिघडायला आहेच काय. मोटर आणि बॅटरीनं त्याला आजवर खोटं पाडलेलं नाही. तो म्हणतो, मावसभाऊ त्या रस्त्यावर तीस-पस्तीसच्या वर गेलाच नव्हता. पस्तीसनं बारा मीटरच्या लाटा सेकंदाला ०.८ लागतात, तुझ्या गाडीच्या झोक्यापासून बऱ्याच लांब. तूही पहिल्यापासून पस्तीसनं गेला असतास तर माय उतरली नसती. यात हिशेबाची चूक काढता येत नाही. मी जुन्या शॉकअपवर त्या पट्ट्यातून पस्तीसनं गाडी नेऊनही बघितली होती. झोका कमी होता. गेलेला नव्हता. मी त्याला तेवढंच सांगतो, आणि तो म्हणतो, तेवढ्यासाठी साठ हजार?

आणि आता त्या रस्त्यावर मी सत्तरनं जातो. म्हणजे मागे बसणाऱ्याला लागणारे दणके किती कमी झाले, देव जाणे.

माय बसते गाडीत. पुढे बसते, मागे नाही. फरक जाणवला का असं मी तिला विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. तुम्हाला स्वतःलाच बघायचं असेल तर या, पण मागच्या सीटवर बसायचं, आणि नवलनगरपर्यंत तरी. पुढे बसून "काही फरक नाही बुवा" म्हणणारे खूप झाले.