शत्रूच्या छावणीतला राऊंड

वॉर्डाच्या तपासणीला वरून कुणी येणार असेल, तर आदल्या रात्री काय काय घडते, हे अनेक वर्षे परिसेविका म्हणून काम केल्यामुळे मला पुरते ठाऊक आहे. मी जिथे उमेदवारी केली त्या रुग्णालयात अशा वेळी स्टोअरच्या कपाटातून कोऱ्या चादरी निघत, अंथरल्यावरही त्यांच्या घड्यांच्या रेषा दिसत राहत, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की त्या मोजून पुन्हा कपाटात जात. एका म्हाताऱ्या रुग्णाने मला विचारले होते, "सिस्टर, ही चादर माझी की साहेबांची?" त्यामुळे पहिल्या महायुद्धात परिचारिकांनी शत्रुराष्ट्रात जाऊन युद्धकैद्यांच्या छावण्या तपासल्या, हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या मनात आधी त्या चादरी आल्या.

ही व्यवस्था 1915 मध्ये डेन्मार्कच्या रेड क्रॉसच्या मध्यस्थीने उभी राहिली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या परिचारिकांनी रशियात जायचे, रशियाच्या परिचारिकांनी त्या दोन देशांत जायचे, आणि प्रत्येकीसोबत तटस्थ डेन्मार्कचा एक प्रतिनिधी असायचा. रशियन रेड क्रॉसचे प्रमुखपद झारची आई मारिया फ्योदोरोव्ना हिच्याकडे होते आणि ती जन्माने डॅनिश राजकन्या होती, याचाही उपयोग झालाच असणार. तोफा धडाडत असताना दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या बायकांना आपल्या मुलखात फिरू दिले, हे आज नवलाचे वाटते; पण दोघांचीही लाखो माणसे एकमेकांच्या ताब्यात अडकलेली होती, आणि आपल्या माणसांचे हाल थांबवायचे तर समोरच्याला आपले घर दाखवणे भागच होते.

निवडलेल्या स्त्रिया बहुतेक सरदार घराण्यांतल्या किंवा सेनाधिकाऱ्यांच्या कुटुंबांतल्या होत्या. जर्मनीकडून काउंटेस अलेक्झांड्रीन फॉन युक्सक्युल आणि ऑस्ट्रिया-हंगेरीकडून काउंटेस नोरा किन्स्की रशियात गेल्या. यामागचा हिशेब मला पटतो. छावणीचा कमांडंट साध्या नर्सला दारातून परत पाठवू शकला असता, काउंटेसला पाठवणे त्याला जड गेले असते. शिवाय तपासणाऱ्या बाईला कैद्याची भाषा येत होती, ही त्याहून मोठी गोष्ट. दुभाष्यामार्फत सांगितलेली तक्रार पहारेकऱ्याच्या कानावरून जाते. मातृभाषेत कुजबुजलेली तक्रार थेट पोहोचते.

सायबेरियातल्या आणि युरोपीय रशियातल्या छावण्यांमध्ये पाहण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे टायफस. आपल्याकडे बऱ्याच जणांची याची आणि टायफॉइडची गल्लत होते, म्हणून सांगते: टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो, तर टायफस अंगावरच्या कपड्यांतल्या उवांमुळे पसरतो. उवांचा हा संबंध शार्ल निकोल याने 1909 मध्ये दाखवून दिलेला होता, म्हणजे युद्ध सुरू झाले तेव्हा वैद्यकाला कारण माहीत होते. उपायही साधा होता: आंघोळ, कपडे उकळणे, बदलायला दुसरा जोड. पण कडाक्याच्या थंडीत फळ्यांच्या मजल्यांवर खेटून झोपणाऱ्या माणसाकडे एकच जोड असेल, तर तो अंगातला सदरा काढणार कधी आणि वाळवणार कुठे? तोत्स्कोये येथल्या छावणीत 1915-16 च्या हिवाळ्यात हजारो कैदी असेच गेले. अशा ठिकाणी मी असते, तर रजिस्टर बाजूला ठेवून आधी सदऱ्याची शिवण उलटून पाहिली असती, मग संडास, आणि सर्वांत शेवटी स्वयंपाकघर. कारण सजवायला सर्वांत सोपे तेच असते. स्वीडिश परिचारिका एल्सा ब्रांडस्ट्रोम हिचे नाव याच छावण्यांमुळे अजरामर झाले, पण ती तटस्थ देशाची होती, म्हणून तिची गोष्ट वेगळी.

उलट दिशेने गेलेल्या रशियन परिचारिकांना मुख्यतः भूक दिसली. फ्रेंच आणि ब्रिटिश कैद्यांना घरून पार्सले येत असत. रशियन सरकार मात्र आपल्या कैद्यांना अन्न पाठवायला नाखूश होते, कारण पलीकडे पोट भरते असे कळले तर सैनिक शरण जातील, अशी त्याला धास्ती होती. म्हणजे या बायका शत्रूच्या छावणीत जी उपासमार नोंदवत होत्या, तिचा काही भाग स्वतःच्या राजधानीत शिजलेला होता.

त्यांच्यात एक येकातेरिना साम्सोनोवा होती. तिचा नवरा, जनरल साम्सोनोव्ह, याने ऑगस्ट 1914 मध्ये टानेनबर्गच्या लढाईत जर्मनांकडून झालेल्या पराभवानंतर पूर्व प्रशियाच्या जंगलात स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. ती त्याच जर्मनीत रेड क्रॉसच्या गणवेशात फिरली, त्याच्याच सैन्यातून पकडल्या गेलेल्या सैनिकांसमोर उभी राहिली असेल, आणि नवऱ्याची पुरलेली जागाही तिने शोधून काढली. लॉकेटवरून ओळख पटली आणि ते अवशेष रशियात नेण्याची परवानगी शत्रूने तिला दिली.

आपल्याकडच्या शिपायांच्या वाट्याला हे आले नाही. 29 एप्रिल 1916 रोजी इराकमधल्या कूत-अल-अमारा येथे तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणींचे जवान होते, वाळवंटातून पायी नेलेल्या आणि बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलेल्या त्या कैद्यांकडे पुढे जिनिव्हाहून रेड क्रॉसचे दोन पुरुष प्रतिनिधी गेले, पण मराठीत "कसे आहात?" असे विचारणारी कुणी सिस्टर तिथे पोहोचली नाही.

साक्षीदाराविना कैद्याशी बोलण्याची मुभा पुढे 1929 च्या जिनिव्हा करारात आली आणि 1949 च्या करारात ती अधिक पक्की झाली. अलेक्झांड्रीन फॉन युक्सक्युल तोवर म्हातारी झाली होती. हिटलरवर बॉम्ब ठेवणारा क्लाउस फॉन स्टाउफेनबर्ग हा तिचा भाचा. जुलै 1944 नंतर त्याची मुले आईपासून तोडून, आडनाव बदलून, बाड झाक्सा येथल्या एका बालगृहात ठेवली गेली होती. 1945 च्या उन्हाळ्यात सत्तरी ओलांडलेली ही जुनी सिस्टर गाडी मिळवून तिथे पोहोचली आणि मुलांना घरी घेऊन आली.